दुंगुरोमो हे गाव काल्पनिक असल्याबाबत

जमीन ही मूलतः बेशिस्त असते. नकाशावर आणली की ती सुधारते. डोंगर आपापल्या रेषांत बसतात, नद्या निळ्या होतात आणि माणसं तर दिसेनाशीच होतात, त्यामुळे कारभार सोपा जातो. हे जगातल्या सगळ्याच राज्यांना कळलेलं आहे. आमचं राज्य त्यांच्याही पुढे गेलं होतं. जमिनीवर नकाशाचा वचक असावा आणि नकाशावर आपला, म्हणून आमच्याकडे नकाशाच चुकीचा काढायची पद्धत होती.

याला कारण शत्रू. शत्रू कधी ना कधी येणार, आणि आला की सगळ्यात आधी दुकानात जाऊन नकाशा विकत घेणार, हे वरच्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून राजधानी फ्रुन्झे शहरातल्या आमच्या नकाशा-कारखान्यातून दुकानासाठी जो नकाशा निघे, त्यात प्रत्येक गाव थोडं सरकवलेलं असे, नदी एखादं वळण कमी घेई, आणि खिंडीतून जाणारा रस्ता सरळ डोंगराच्या डोक्यावरून जाई. शत्रू अजून आलेला नव्हता. तोवर त्याच्या वतीने आम्हीच हरवत होतो. (वऱ्हाडं भलत्याच खोऱ्यात पोचल्याची आणि तिथल्या लोकांनी आग्रह करकरून जेवू घातल्यामुळे कुणाला काही न बोलता परतल्याची उदाहरणं आहेत. एक वऱ्हाड परतलंच नाही. नवरा-नवरी तिथे सुखात आहेत असं कळतं. दोघं आधी एकमेकांना ओळखत नव्हती.)

बरोबर नकाशे नव्हतेच असं नाही. ते लोखंडी कपाटात होते. ज्यांना ते बघायची परवानगी होती, त्यांना कुठे जायचंच नव्हतं.

आता प्रश्न असा आला, की शाळेत पोरांना नकाशा वाचायला शिकवायचं कशावर? बरोबर नकाशा दाखवावा तर गुपित फुटतं. चुकीचा दाखवावा तर एखादं पोर खिडकीतून बाहेर बघतं आणि गुरुजींना विचारतं, की पुस्तकात डाव्या हाताला असलेला डोंगर इथे उजव्या हाताला कसा. त्यावर वरून जो तोडगा आला, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पोरांसाठी मुळात नसलेलाच एक प्रदेश तयार करावा, आणि त्याचा नकाशा मात्र तंतोतंत बरोबर काढावा. जे नाहीच, ते लपवायचं कशाला?

अशा रीतीने कारखान्यात 'सराव-प्रदेश विभाग' सुरू झाला. मी त्याच्या नावसमितीचा सचिव होतो. अख्ख्या प्रजासत्ताकात इमानेइतबारे नकाशा काढायची मुभा फक्त आमच्या विभागाला होती, कारण फक्त आमचं जग खोटं होतं.

विभागात आम्ही चौघं. प्रमुख दुइशोन-बाइके, म्हणजे दुइशोनदादा. भला माणूस, पण भित्रा इतका, की सही करायची वेळ आली की त्यांच्या पेनातली शाई नेमकी संपायची. रंगकामाला बुरमा-एजे, म्हणजे बुरमाताई, जिच्या जिभेला सगळा कारखाना वचकून असे. रेखाटनाला कालमात. त्याच्यासारखे डोंगर दुसऱ्या कुणाला काढता येत नसत, हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगे. आणि चौथा मी, ज्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. सचिवाविषयी तसं काही असूही नये.

वरून तीन नियम आले. एक, प्रदेश अगदी वास्तव वाटला पाहिजे. दोन, त्यातलं कोणतंही नाव कोणत्याही खऱ्या माणसाचं, हयात अथवा मृत, नसावं. तीन, त्याचा कोणताही भाग कोणत्याही खऱ्या जागेसारखा नसावा. (पहिला आणि तिसरा नियम एकाच बैठकीत वाचू नये, अशी तळटीप हवी होती. ती छापायची राहिली असावी.)

नावांपाशी पहिलं गाडं अडलं. आमच्या किर्गिझ लोकांत माणसाला आपले सात पूर्वज तोंडपाठ असावे लागतात, नाहीतर त्याला पोरगी कुणी देत नाही. त्यामुळे 'मनाला येईल ते नाव सुचवा' असं म्हटलं की आमच्या मनात आधी पूर्वजच येतात. पहिल्या यादीतल्या चाळीस नावांची समितीने छाननी केली, तेव्हा त्यात एकतीस पणजे-खापरपणजे निघाले. उरलेली नावं घोड्यांची होती. घोडे नियम दोनमध्ये बसत नाहीत, म्हणून ती मंजूर झाली. अशा रीतीने प्रदेशाच्या मुख्य शहराचं नाव तोरूआत, म्हणजे तांबडा घोडा, असं पडलं.

दुसरं गाडं अक्षरांपाशी अडलं. नियम असा, की जितकी वस्ती मोठी तितकं नावाचं अक्षर मोठं. पण जिथे माणूसच नाही तिथे वस्ती किती धरायची? दुइशोन-बाइके रडकुंडीला आले. शेवटी बुरमा-एजे म्हणाली, "अहो बाइके, मान ठरवायची आपल्याकडे एकच रीत आहे. मेंढी कापा."

आमच्याकडे मेंढीची हाडं मानाप्रमाणे वाटतात. खुब्याचं हाड सगळ्यांत थोराला, मांडीचं त्याच्या खालच्याला, मग नळी, मग बरगडी, आणि मणके जे उशिरा येतात त्यांना. बुरमा-एजेच्या अंगणात मेंढी शिजली. कारखान्यातली सगळी मंडळी जेवायला आली, प्रत्येकाने नकाशावरचं एकेक गाव आपलं म्हणून निवडलं, आणि ज्याच्या ताटात जे हाड पडलं त्याच्या गावाला ते अक्षर मिळालं. मग अक्षराच्या मापावरून लोकसंख्या लिहून काढली. इतकी बिनतक्रार जनगणना जगात दुसरीकडे झाली नसेल. (तक्रार एकच आली, गोदामवाल्याची. त्याच्या बरगडीला मांस कमी होतं, म्हणून त्याने आपल्या गावाला एक दवाखाना वाढवून घेतला.)

कालमात त्या दिवशी उशिरा आला. त्यामुळे त्याच्या ताटात मणका आला, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात एक बारीकसं, अजून बिननावाचं गाव. एरवी त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, तेव्हाच आम्हाला संशय यायला हवा होता.

उशिरा यायचं कारण त्याची आई. उमसुन-आपा त्याच्याकडे चौथ्या मजल्यावर राहायची. तिला इतर काही झालेलं नव्हतं, ती फक्त मरायला तयार नव्हती. कालमातचं गाव शाबाय. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. घरं उठवून दुसरीकडे नेली होती. कबरी नेल्या नाहीत, कारण त्यांतल्या लोकांनी मुदतीत अर्ज केले नव्हते. आपाचा नवरा तिथेच राहिला. सरकारी नकाशात त्या जागी आता सुंदर निळा रंग होता. तो बुरमा-एजेनेच भरला होता, आणि त्याबद्दल तिला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

तेव्हापासून आपाचं एकच म्हणणं. "मला माझ्या माणसाच्या शेजारी नेऊन ठेवायचं. कुठे नेणार ते आधी दाखवा, मग मी मरते. पत्ता नसताना मी कुठेही जाणार नाही." डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज सकाळी कालमात कामावर निघाला की ती विचारायची, "सापडलं का रे?" नकाशांच्या कारखान्यात बसणाऱ्या पोराला आपलं गाव सापडू नये, हे तिला कळायचं नाही. सांगायचं तर मलाही ते कधी नीट कळलं नाही.

एक दिवस बुरमा-एजे ईशान्य कोपऱ्यात रंग भरायला बसली आणि थबकली.

"कालमात, इथे नदी येते, खोरं खोलगट आहे. तळं टाकू का? शोभेल."

"त्या कोपऱ्यात निळ्याचा थेंब जरी सांडलास ना, तर तुझे ब्रश चुलीत घालीन."

"अरे, एवढं काय? खोट्या गावाचा एवढा पुळका?"

बुरमा-एजेने चष्मा लावला, कागदावर वाकून बघितलं. गिरणी, गिरणीचा पाट, चाळीसेक घरं, पूर्वेला कबरस्तान. मग तिने निळ्याची वाटी उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

नावाचा कागद माझ्याकडे आला तेव्हा कालमातने त्यावर 'शाबाय' लिहिलं होतं. मी नियमाप्रमाणे नकार दिला.

"हे तर खरं नाव आहे. गावाचंही आणि तुझ्या पणजोबांचंही. दोन नियम एका शब्दात मोडलेस."

"पणजोबा गेले, गाव बुडालं. राहिलं काय खरं?"

"यादीत आहे ना. 'पाण्याखालील वस्त्या' म्हणून वेगळी यादीच आहे. साहेबाच्या नजरेस पडलं तर आपण चौघंही हवामान खात्यात जाऊ."

हवामान खात्याचं नाव ऐकून दुइशोन-बाइकेंनी पाणी मागवलं. तेवढ्यात बुरमा-एजे म्हणाली, "कालमात, तुझी आई काय म्हणते रे गावाला?"

"आई? ती दुंगुरोमो म्हणते."

दुंगुरोमो म्हणजे घरघरणारं. आमच्याकडे सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. नवऱ्याचा आजा शाबाय, गावाचं नाव त्याच्यावरून, तेव्हा लग्न होऊन आल्या दिवसापासून आपाने आपल्या गावाचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं. गिरणीच्या घरघरीवरून तिने आपलं एक नाव ठेवलं होतं. गावातल्या साऱ्या सुना तसंच म्हणत. सरकारी यादी करायला जे लोक गेले होते त्यांनी सुनांना विचारलं नव्हतं, म्हणून ते नाव कोणत्याही यादीत नव्हतं. मी तपासलं आणि मंजूर केलं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

नकाशा तयार झाला आणि तो पसंत करायला वरून गेन्नादी लुकिच आले. जाडजूड, शांत माणूस, आमची किर्गिझ भाषा न येणारा. भिंग घेऊन सगळा प्रदेश त्यांनी पायी चालल्यासारखा पाहिला. तोरूआतचा पूल आवडला. गोदामवाल्याच्या गावातला दवाखाना आवडला. पाणी सगळीकडे उतारानेच वाहतंय हे पाहून त्यांना विशेष समाधान वाटलं. (दुकानातल्या नकाशांवर काम केलेल्या माणसाला हे सुख क्वचित मिळतं.) मग भिंग ईशान्येला गेलं आणि तिथेच राहिलं.

"वीटभट्टीकडून येणारा हा रस्ता इथे वाकतो. का?"

"तिथे अक्रोडाचं झाड होतं," कालमात म्हणाला.

"झाड दाखवलेलं नाही."

"पडलं ते."

लुकिच यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही कल्पनेने रचलेल्या गावात, तुम्ही ते रचायच्या आधीच, एक झाड पडलं?"

दुइशोन-बाइके खिशातलं पेन चाचपू लागले.

"बाकीची गावं वास्तव वाटतात," लुकिच म्हणाले. "रस्ते सरळ आहेत, शाळेशेजारी दुकान आहे. छान आहेत. हे गाव वास्तव वाटत नाही. हे खरं आहे. नियम तीन."

दुइशोन-बाइकेंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तेव्हा मी, आयुष्यात एकदाच, शूर झालो. सरकारी नकाशाची चालू आवृत्ती त्यांच्यासमोर उलगडली आणि म्हणालो, "साहेब, हे गाव खरं असेल तर यात असायला हवं. यात त्या जागी पाणी आहे. खाली आपलीच सही आहे."

"आधी होतं."

"आधीची आवृत्ती नियमाप्रमाणे जाळली आहे. आणि तीत ते जिथे दाखवलं होतं तिथे ते कधीच नव्हतं."

लुकिच विचारात पडले. गाव खरं म्हणावं तर आपली सही खोटी ठरते. खोटं म्हणावं तर रस्ता वाकलेला आहे. त्यांच्या जागी मी असतो तर आजारी पडलो असतो.

"साक्षीदार आहे का कुणी?" त्यांनी विचारलं. "हे गाव काल्पनिकच आहे, किंवा नाही, असं सांगणारा?"

एखादा शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. पण आपल्या गावाला कुणी खोटं म्हणतंय हे कालमातला इतका वेळ सहन झालं, हेच खूप झालं. "माझी आई आहे!" तो ओरडला. दुइशोन-बाइकेंनी डोळे मिटले.

उमसुन-आपा आली ती पांढरा रुमाल बांधून, बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन. सरकारी काम असलं तरी रिकाम्या हाताने कसं जायचं? तिने पिशवी लुकिचपुढे ठेवली आणि नकाशावर वाकली. तिला अक्षरं येत नव्हती. नकाशाही तिने पूर्वी पाहिलेला नव्हता. थोडा वेळ तिचं बोट कागदावर उगाच फिरत राहिलं. मग ते वीटभट्टीपाशी आलं, रस्त्याने निघालं, वाकडं वळलं आणि थांबलं.

"कोकुय, अगं बाई!" ती म्हणाली. "अक्रोड कुठे गेला?"

कालमातने मान खाली घातली. आपाला आता कोण थांबवणार! "हे बघ, ही गिरणी. पाट बरोबर काढलाय. आणि ही दोन घरांमधली मागची पायवाट. अरे, ही तर आमच्या जावा-जावांची! मी आणि माझी जाऊ, आमचं ठरलं होतं, समोरून एकमेकींशी बोलायचं नाही. पण मीठ संपलं तर माणूस काय करणार? मागच्या दाराने जायचं. अकरा वर्षं गेले मी त्या वाटेने. एवढीशी वाट तुझ्या लक्षात राहिली होय रे?" आणि तिचं बोट पूर्वेला, कबरस्तानाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. सचिव म्हणून तशी नोंद करता आली नाही, म्हणून इथे करतो.

मी लुकिचना भाषांतर करून सांगितलं, की साक्षीदार नकाशाच्या रेखाटनावर समाधानी आहे.

पण लुकिच काही दुधखुळे नव्हते. "विचारा त्यांना, या गावाचं नाव काय?"

संपलं, असं मला वाटलं. मी विचारलं. आपाने रुमालाचं टोक ओढून तोंडावर धरलं.

"कसं सांगू? थोरांचं नाव आहे ते."

"हळूच सांगा म्हणतात साहेब."

"हळू बोललं तरी तोंड माझंच ना?"

"खुणेने सांगा."

"अन् हात काय शेजारणीचा आहे? तोही त्याच घरची सून." मग तिला दया आली असावी. "मी आपली दुंगुरोमो म्हणते. लिही तसं."

लुकिचनी याद्या मागवल्या. चालू वस्त्यांची, रद्द वस्त्यांची, पाण्याखालच्या वस्त्यांची. दुंगुरोमो एकीतही नव्हतं. पण पाण्याखालच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी, भाषांतराची वाट न बघता, सरळ तिलाच विचारलं, "शाबाय? हे गाव शाबाय आहे का?"

परक्या माणसाच्या तोंडून आजेसासऱ्यांचं नाव असं उघडंनागडं ऐकल्यावर उमसुन-आपा ताठ उभी राहिली. "बालाम, लेकरा," ती म्हणाली, "तुला आई नव्हती का रे शिकवायला? एवढा मोठा घोडा झालास, डोक्याचे केस गेले, आणि थोरामोठ्यांना शेरडं हाकल्यासारखी हाक मारतोस? तो बोरसोक ठेव खाली!"

मी भाषांतर केलं, की साक्षीदाराला प्रश्न नीट कळला नाही.

"हो की नाही, एवढंच सांगा," लुकिच म्हणाले. त्यांनी बोरसोक खाली ठेवला होता.

आता 'हो' म्हणणं म्हणजे नाव घेतल्यासारखंच. आणि 'नाही' म्हणणं म्हणजे नवऱ्याला आणि त्याच्या आज्याला ओळख न दाखवणं. तिने दोन्ही केलं नाही. ती लुकिचकडे पाठ करून बसली.

लुकिचनी त्या पाठीकडे बघत भिंग खिशात घातलं. मग त्यांनी इतिवृत्त सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेतलं. 'एकमेव साक्षीदाराने सदर गाव शाबाय असल्याचं, वारंवार विचारूनही, सांगितलं नाही. दुंगुरोमो नावाची वस्ती पृथ्वीवर नाही व नव्हती. सबब गाव पूर्णतः काल्पनिक असून मुलांना दाखवण्यास हरकत नाही. रस्ता ज्या कारणाने वाकतो ते कारण मात्र नकाशावर दाखवावं.' म्हणजे अक्रोड लावावा. कालमातने तो तिथेच लावला, बारीक हिरव्या ठिपक्याचा. पडून गेलेलं झाड सरकारी हुकमाने परत उभं राहिल्याचं हे आमच्या प्रजासत्ताकातलं एकमेव उदाहरण असावं.

एक गोष्ट राहिली होती. काल्पनिक गावाला कल्पना करणारा लागतो. कालमातने लिहून द्यायचं होतं, की दुंगुरोमो, त्यातली घरं, गिरणी, कबरस्तान व कबरस्तानातील व्यक्ती ही सर्व माझी कल्पना आहे. पेन हातात घेऊन तो बसला, आणि पेन काही टेकेना.

"कबरस्तानातील व्यक्ती," तो म्हणाला. "म्हणजे बाप माझी कल्पना."

"कर रे सही," आपा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तुझा बाप तरी कुठे कुणाच्या कागदात होता? ज्यात होता ते सगळं बुडालं. आता एका कागदात येतोय तर येऊ दे."

त्याने सही केली. शाई वाळेपर्यंत तो कागदावर हात धरून होता.

संध्याकाळी रीतीप्रमाणे मेंढी शिजली. लुकिचही बसले. हाडं वाटायची वेळ आली आणि दुइशोन-बाइकेंच्या लक्षात आलं, की जमलेल्यांत सगळ्यात थोर उमसुन-आपा आहे. खुब्याचं हाड तिच्या ताटात गेलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. नियम तो नियम. ज्याच्या ताटात जे हाड, त्याच्या गावाला ते अक्षर. आपा कोणत्या गावची ते विचारायची सोय नव्हती, आणि ते कुणाला विचारावंही लागलं नाही. लुकिचनी मिशी पुसत मान हलवली. चाळीस घरांच्या दुंगुरोमोला नकाशावरचं सगळ्यात मोठं अक्षर मिळालं, आणि त्यानुसार अडीच लाख वस्ती. तोरूआत तेव्हापासून तालुक्याचं गाव झालं आहे. तोरूआत निवडलं होतं दुइशोन-बाइकेंनी. त्यांनी ते मोठ्या मनाने सोसलं, म्हणजे आठवडाभर जेवले नाहीत.

नकाशा शाळाशाळांत गेला. आमच्या पोरांना आपल्या गावाहून शेजारच्या गावी जाणारा रस्ता सांगता येत नाही, पण वीटभट्टीहून दुंगुरोमोच्या गिरणीपर्यंत झोपेतसुद्धा नेता येतं. परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असतोच. शाबायच्या लोकांना उठवून जिथे वसवलं होतं, तिथल्या शाळेतला नकाशा मात्र सहा वेळा चोरीला गेला. सातव्यांदा आम्ही तो आपणहून प्रत्येक घराला एकेक पाठवला. (चौकशीत 'शाळेची विद्यार्थिसंख्या अचानक वाढली' असं उत्तर दिलं आहे.)

मग अर्ज यायला लागले. कुणाचं गाव पाण्याखाली गेलेलं, कुणाचं दुसऱ्या गावात विरघळवलेलं, कुणाच्या गावाला कुणा भलत्याचंच नाव दिलेलं. सगळ्यांची मागणी एकच, 'आमचं गाव काल्पनिक जाहीर करावं.' कारण खऱ्या गावाला बरोबर पत्ता मिळायची आमच्याकडे तरतूदच नव्हती. विभागाला आणखी पाच खोल्या मिळाल्या. सराव-प्रदेशाच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या, आणि आज त्यांत इतकी गावं आहेत, की खरा देश त्यांच्या मानाने विरळ वाटतो.

उमसुन-आपाने नकाशा पलंगाच्या डोक्याशी लावून घेतला. कालमातने हळूच विचारलं, "आपा, आता पत्ता सापडला. मग?" ती म्हणाली, "सापडला ना? मग आता घाई कसली!" आणि ती आणखी नऊ वर्षं जगली. रोज बोटाने वीटभट्टीहून निघायची, अक्रोडाला वळसा घालायची, मागच्या वाटेने जावेकडे मीठ मागायला जायची आणि संध्याकाळी कबरस्तानापाशी थांबायची. गेली तेव्हा तिचं बोट कुठे होतं, ते कालमातने कुणाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता वाचकांसाठी नेहमीचा सराव. प्रत्येकाने उत्तरं मनातल्या मनात द्यावीत.

प्रश्न पहिला. वीटभट्टीहून दुंगुरोमोकडे जाणारा रस्ता मध्येच का वाकतो? (तुम्हाला येतं.)

प्रश्न दुसरा. दोन घरांच्या मागच्या दारांमध्ये पायवाट का पडली? (हेही येतं. शाबास.)

प्रश्न तिसरा. तुम्ही आत्ता ज्या घरात बसून हे वाचत आहात, त्या जागेवर घराच्या आधी काय होतं, तिथून जाणाऱ्या ओढ्याचं नाव काय, आणि जे कुणी उठून गेले ते कुठे गेले?

तिसऱ्याचं उत्तर येत नसेल तर घाबरू नका. दुंगुरोमो तुम्हाला नीट सापडतं. राहतं गाव तेवढं काल्पनिक धरावं, म्हणजे गुण कापले जाणार नाहीत.